वकिलांचे वकील

'वकील' हा शब्द मूळचा अरबी. ज्याच्यावर आपले काम सोपवावे आणि ज्याने आपल्या वतीने बोलावे, तो वकील. न्यायालयाशी या शब्दाचे लग्न पुष्कळ उशिरा लागले. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वकील भेटतो तो दरबारांतून. हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांच्या वतीने दिल्लीत राहत, तेव्हा त्यांना वकील म्हणत. आजच्या भाषेत ते राजदूत होते. आंग्रे, सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा चार सत्ता ज्या किनाऱ्यावर एकमेकींच्या तोफांच्या टप्प्यात नांदल्या, त्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर तर या अर्थाच्या वकिलावाचून पान हलत नसे. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. दरबार गेला, कचेरी आली. शब्द तोच राहिला, पण आता तो काळा डगला घालून मुन्सफासमोर उभा राहू लागला.

दुसऱ्याच्या वतीने बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या वतीने कोण बोलते? हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना कदाचित परका वाटेल. मराठी नाटकाने आणि कादंबरीने वकील पुष्कळ दाखवला, पण बहुधा कोर्टात उभा असलेला. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला सुखात्मे घ्या. अशील नसलेला हा वकील अभिरूप न्यायालयात का होईना, उलटतपासणीसाठीच उभा राहतो. बार रूममध्ये वर्गणीवरून वाद घालणारा, ठरावाला अनुमोदन देणारा, निवडणुकीत पडणारा वकील आमच्या वाङ्मयात क्वचितच दिसतो. वस्तुतः लोकशाहीचा जो नमुना या मंडळींनी स्वतःसाठी उभारला आहे, तो संसदेपेक्षा जुना नसला तरी गुंतागुंतीने तिच्याहून कमी नाही.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. बार असोसिएशन आणि बार कौन्सिल या दोन निराळ्या संस्था आहेत. अलिबाग, पेण, पनवेल, माणगाव, महाड, मुरूड, श्रीवर्धन अशा न्यायालयांच्या गावी वकिलांची जी संघटना असते, ती असोसिएशन. तिचे सभासदत्व ऐच्छिक. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार सभासदांतून निवडलेले. तिच्या ताब्यात एक खोली, पुस्तकांची कपाटे, माजी अध्यक्षांच्या तसबिरी आणि एक सूचनाफलक. लहान तालुक्याच्या बारमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाचे अशील कुणाकडे गेले हेही ठाऊक असते. येथे प्रतिनिधीची गरजच नाही. सर्वसाधारण सभेत जो तो स्वतःच बोलतो, आणि पुष्कळदा बराच वेळ बोलतो. कौन्सिल ही मात्र कायद्याने निर्माण केलेली राज्यपातळीवरील संस्था. सनद देणे, वकिलांची नामावली ठेवणे, व्यवसायातील गैरवर्तनाबद्दल शिक्षा करणे ही तिची कामे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचे दप्तर मुंबईत फोर्टात आहे आणि रायगडच्या वकिलाचा तिच्याशी संबंध दोनच वेळा येतो, सनद घेताना आणि मत देताना. (तिसरा प्रसंग न येवो, अशी प्रत्येकाची इच्छा असते.)

हे मत त्याला सहजासहजी मिळालेले नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या मोफसल वकिलाचा मालक न्यायालय होते. १८२७ च्या एल्फिन्स्टन साहेबांच्या रेग्युलेशनांनी वकिलांना चौकट घालून दिली. १८४६ च्या कायद्याने धर्म वा राष्ट्रीयत्व न पाहता हा व्यवसाय सर्वांना खुला केला. 'सर्वांना' म्हणजे अर्थातच सर्व पुरुषांना. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून आल्या, तरी स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. सनद देणारे न्यायालय आणि ती काढून घेणारेही न्यायालयच. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केल्याबद्दल अहमदाबादच्या काही वकिलांवर मुंबई उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या. त्या प्रकरणातील जिल्हा न्यायाधीशाचे पत्र छापल्यामुळे गांधीजींवर न्यायालयाच्या बेअदबीचा खटला झाला. सनद हा मान होता, तसाच तो लगामही होता.

लंडनच्या इन्सचा कारभार याच्या उलट होता, असे कुणी म्हणेल. तेथे वकिलांचे नियमन वकीलच करीत. खरे आहे, पण हे नियामक निवडून आलेले नसत. 'बेंचर' मंडळी आपल्यात नवे बेंचर स्वतःच घेत. या स्वायत्ततेचे तीन अनुभव आमच्या ओळखीचे आहेत. १९०९ साली ग्रेज इनने सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. १९२२ साली इनर टेंपलने गांधीजींचे नाव कमी केले, आणि ते परत घ्यायला १९८८ उजाडले. त्याच १९२२ मध्ये, त्याच ग्रेज इनमधून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले. तात्पर्य एवढेच की व्यवसाय स्वतःवर राज्य करतो म्हणजे तो लोकशाहीने राज्य करतो, असे नव्हे.

हिंदुस्थानात निवडणूक आली ती १९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स अ‍ॅक्टने. सर एडवर्ड शॅमियर यांच्या समितीने १९२३ मध्ये विचार केला होता, त्याचे हे फळ. पंधरा जणांचे कौन्सिल. अ‍ॅडव्होकेट जनरल एक, उच्च न्यायालयाने नेमलेले चार, आणि वकिलांनी आपल्यातून निवडलेले दहा. ऐकायला बरे वाटते. परंतु निवडणार कोण, तर उच्च न्यायालयाच्या नामावलीवरचे अ‍ॅडव्होकेट. अलिबागेत किंवा महाडात मुन्सफ कोर्टात उभा राहणारा प्लीडर या नामावलीवर नव्हताच. तो १९२० च्या बॉम्बे प्लीडर्स अ‍ॅक्टच्या कक्षेत, न्यायालयाच्या अखत्यारीत राहिला. शिवाय शिक्षेचा अंतिम अधिकार कौन्सिलला नव्हता. चौकशी करून अहवाल द्यायचा, शिक्षा उच्च न्यायालय करणार.

या उतरंडीचे दृश्य रूप हवे असेल तर महाडचा तळ्याचा खटला पाहावा. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि डॉ. आंबेडकर प्रतिवादी झाले. निकाल महाडला १९३१ साली लागला. अपील ठाण्याला गेले. शेवटचा शब्द मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ च्या मार्चमध्ये उच्चारला आणि दावा फेटाळला गेला. महाड, ठाणे, मुंबई अशा तीन पायऱ्या. तळ्याचा प्रश्न जसा एकेक पायरी चढत गेला, तशीच वकिलांची प्रतिष्ठाही या पायऱ्यांवर वाटलेली होती. सर्वांत वरच्या पायरीवरचे तेवढे मतदार, खालचे प्रजाजन.

त्यातही आजचा सगळा रायगड जिल्हा तेव्हा एका छत्राखाली नव्हता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाचा; पाली-सुधागड भोर संस्थानात. तेथली न्यायालये निराळी आणि मुंबईच्या नामावलीला तेथे किंमत नव्हती. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, तेव्हा एका अर्थी या किनाऱ्यावरचे वकीलही प्रथमच एका व्यवसायाचे झाले. (जिल्ह्याचे नाव 'कुलाबा' होते ते 'रायगड' झाले १९८१ साली, स्वतः बॅरिस्टर आणि याच जिल्ह्यातील आंबेत गावचे असलेले अंतुले मुख्यमंत्री असताना.)

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील समितीने साऱ्या देशासाठी एकच वकीलवर्ग असावा, अशी शिफारस १९५३ मध्ये केली. सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८ मध्ये तिला दुजोरा दिला आणि १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट झाला. प्लीडर, मुखत्यार, वकील, अ‍ॅडव्होकेट ही वर्णव्यवस्था या कायद्याने मोडीत काढली. 'वर्णव्यवस्था' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. तालुक्याला जामीन अर्ज चालवणारा आणि उच्च न्यायालयात घटनेचा अन्वयार्थ लावणारा, दोघेही एकाच नामावलीवर आले आणि दोघांना एकेक मत मिळाले. या कायद्याची ही बाजू आमच्या मते पुरेशी गौरवली गेलेली नाही.

आता हे मत चालते कसे ते पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. दहा हजारांहून अधिक मतदार असलेल्या राज्याच्या परिषदेवर पंचवीस सदस्य निवडून द्यायचे असतात, महाधिवक्ता पदसिद्ध. पंचविसांपैकी शक्यतो निम्मे तरी दहा वर्षांहून अधिक काळ नामावलीवर असलेले हवेत. मुदत पाच वर्षे. निवडणूक राज्यसभेच्या धर्तीवर, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने आणि एकल संक्रमणीय मताने. मतदार नावापुढे फुली मारीत नाही. १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. समजा, सव्वीस हजार वैध मते पडली. जागा पंचवीस, त्यांत एक मिळवून सव्वीस. भागाकार एक हजार. त्यात पुन्हा एक मिळवला की १,००१ हा निवडून येण्याचा कोटा. ज्याला त्याहून जास्त पहिल्या पसंतीची मते पडली, त्याचे वरचे माप कमी मूल्याने पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. मग तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात. असे फेऱ्यांमागून फेऱ्या. ही मोजणी दिवसचे दिवस चालते, आणि तिचा हिशेब समजणारा माणूस प्रत्येक पॅनेलला हवा असतो.

आमच्या उदाहरणातील १,००१ हा आकडा किनाऱ्याच्या नजरेने पाहा. कायद्यात जिल्हानिहाय मतदारसंघ नाहीत. रायगडची अशी जागा नाही, तशी सिंधुदुर्गचीही नाही. सारी नामावली हाच मतदारसंघ, आणि त्यात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबादचे थवेच्या थवे. किनाऱ्यावरच्या लहान लहान बारनी आपली सगळी मते एका माणसाच्या पदरात टाकली, तरी तो एवढ्यावर तरेल याची खात्री नाही. त्याला दुसऱ्या जिल्ह्यांतून दुसरी-तिसरी पसंती मिळवावी लागते आणि बदल्यात आपल्या लोकांची दुसरी-तिसरी पसंती देऊ करावी लागते. म्हणून निवडणूक आली की लांबलांबचे उमेदवार पनवेलपासून पोलादपूरपर्यंत प्रत्येक बार रूममध्ये चहा पिऊन जातात. पहिली पसंती घरच्या माणसाला द्याल हे आम्हांला मान्य आहे, दुसरीच्या वेळी आठवण ठेवा, एवढेच त्यांचे मागणे असते. एरवी ज्या तालुका बारकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याला ही पद्धत पाच वर्षांतून एकदा का होईना, भाव आणून देते. साध्या बहुमताची पद्धत असती, तर मोठ्या शहरांनी आपापली पॅनेले उभी करून सगळ्याच जागा नेल्या असत्या. आम्ही या गणिताचे चाहते आहोत, हे लपवत नाही.

अर्थात गणिताला माणसे चुकवू पाहतातच. एकच वकील अलिबाग, ठाणे आणि मुंबई अशा तीन ठिकाणच्या असोसिएशनांचा सभासद असतो आणि तिन्हीकडे मत देतो, हा जुना प्रकार. सर्वोच्च न्यायालयाच्या बारसंबंधीच्या प्रकरणात त्या न्यायालयाने २०११ मध्ये एका वकिलाने एकाच बारमध्ये मत द्यावे, हे तत्त्व उचलून धरले. दुसरी खोड बहिष्काराच्या ठरावांची. असोसिएशनच्या सभेत हात वर होतात आणि पक्षकाराची तारीख पुढे जाते. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. ठराव मात्र अजूनही होतात. त्यांचे नाव तेवढे बदलते.

मात्र या व्यवस्थेचा कस लागतो तो शिस्तीच्या प्रश्नावर. वकिलाविरुद्ध तक्रार आली तर ती तिघांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. दोघे परिषदेने आपल्या सदस्यांतून निवडलेले आणि एक बाहेरचा अनुभवी वकील, तोही परिषदेनेच घेतलेला. ताकीद, निलंबन, किंवा नामावलीतून नाव कमी करणे या शिक्षा ही समिती देऊ शकते. म्हणजे न्यायाधीश निवडून आलेले आणि आरोपी त्यांचा मतदार. ज्याची सनद आज निलंबित करायची, त्याचे मित्र पुढच्या निवडणुकीत मतपत्रिका हाती घेणार आहेत.

यावर कुणी म्हणेल, की मग ही व्यवस्था चालूच शकणार नाही. पण महाराष्ट्राच्याच परिषदेचा एक जुना दाखला याला छेद देतो. मुंबईच्या किल्ला कोर्टाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालीत आणि त्यांचे काम हिसकावून घेत, अशी तक्रार साठच्या दशकात आली. राज्य परिषदेच्या शिस्तपालन समितीने, म्हणजे निवडून आलेल्यांच्याच समितीने, त्यांना दोषी धरून निलंबित केले. दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने अपिलात नियमाचा चिंचोळा अर्थ लावून त्यांना सोडले. तेव्हा राज्य परिषद स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. शिक्षा रद्द झाल्याने परिषदेला दुःख होण्याचे कारण काय, ती 'व्यथित पक्ष' कशी, असा आक्षेप निघाला. तो सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि त्यांनी १९७५ मध्ये सांगितले की परिषद ही व्यवसायाच्या शुचितेची राखणदार आहे, म्हणून तिला दाद मागता येते. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गुणदोषांवर निर्णय देताना दिल्लीचा चिंचोळा अर्थ फेटाळला. मतदारांनी निवडलेली संस्था काही मतदारांविरुद्ध देशाच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत भांडली, ही गोष्ट आम्हांला त्या निकालातील कायद्याहून मोलाची वाटते.

असे प्रसंग रोज घडत नाहीत, हेही खरे. आणि स्वराज्याचा हक्क सांगणाऱ्याने निवडणुका तरी वेळेवर घ्याव्यात! २०१८ साली निवडून आलेल्या महाराष्ट्र व गोव्याच्या परिषदेची पाच वर्षे २०२३ मध्ये भरली. कायद्यात मुदतवाढ आहे ती सहा महिन्यांची; त्यानंतर महाधिवक्त्यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीची तरतूद आहे. पण २०१५ च्या नियमांनी वकिलांच्या पदव्यांची पडताळणी बंधनकारक केली, आणि तिच्या नावाखाली देशभरच्या निवडणुका लांबत गेल्या. शेवटी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने होऊ घातलेल्या निवडणुकांत स्त्रियांना तीस टक्के जागा द्यायला सांगितले. सोराबजींना वाट मोकळी झाली त्याला तेव्हा एकशे दोन वर्षे झाली होती.

याच २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने कायदादुरुस्तीचा एक मसुदा पुढे ठेवला होता. बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारने आपले सदस्य नेमावेत आणि तिला निर्देश द्यावेत, अशी तरतूद त्यात होती. देशभरच्या वकिलांनी विरोध केला आणि काही दिवसांतच मसुदा फेरविचारासाठी मागे घेतला गेला. आमची सहानुभूती विरोध करणाऱ्यांकडे होती. १९१९ च्या नोटिसा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना सनदेची दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती जावी असे वाटणार नाही. पण मुदत संपलेली परिषद जेव्हा स्वायत्ततेची घोषणा करते, तेव्हा तिचा आवाज थोडा कापरा येतो, हेही नोंदवले पाहिजे.

या सगळ्यात अशील कोठे आहे? परिषदेत त्याचा प्रतिनिधी नाही. त्याला मत नाही. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिल्यानंतर, गैरवर्तनाच्या गाऱ्हाण्यासाठी त्याच्यापुढे मुख्यत्वे परिषदेचेच दार उरले. मुरूडच्या एखाद्या कोळणीला किंवा श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागायतदाराला वाटले की वकिलाने पैसे घेऊन तारखेला उभेच राहायचे नाही असे ठरवले आहे, तर तिने वा त्याने तक्रार लिहून फोर्टात पाठवायची, बोलावणे आले की रेवस-मांडव्याची लाँच किंवा पनवेलची एस्टी पकडून मुंबई गाठायची आणि त्या तिघांसमोर बसायचे. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते. समितीने तक्रार वर्षाच्या आत निकालात काढावी, असे कायदा सांगतो. वर्ष उलटले, तर ते प्रकरण आपोआप दिल्लीच्या परिषदेकडे जाते, आणि तक्रारदाराने मग पुढची तारीख दिल्लीची धरायची.